बागवानाच्या दुकानापुढं उभा राहिलेला सुभेदार

जमलेल्या सगळ्या मंडळींना रामराम. आयाबायांनो, म्हाताऱ्या माणसांनो, पल्टणीतल्या जोडीदारांनो, रामराम. सलीमभाई, तुम्ही आणि तुमच्या घरची माणसं तिथं दाराशी का बसलाय? इथं पुढं सतरंजीवर जागा आहे. या. पोरांनो, सरका जरा, त्यांचा हात प्लास्टरमध्ये आहे. या, बसा.

मी तुकाराम माने. फौजेतून हवालदार होऊन घरी आलो, आता डेअरीवर दूध मोजतो. कालपासून सगळे म्हणतायत, तुका, तूच बोल. मी म्हटलं, मला बोलता येत नाही. खरंच येत नाही. पण सुभेदारांच्या घरच्या, आमच्या वहिनींनी सांगितलं, "भावजी, तुमी तिथं हुता. तुमीच सांगा." वहिनींचं ऐकावं लागतं. म्हणून उभा आहे. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

सुभेदार गणपतराव यादव. गाव त्यांना आबा म्हणायचं. मी त्यांच्या हाताखाली नोकरी केली, म्हणून साहेब म्हणायचो. घरी आल्यावर चिडायचे. "साहेब काय रं म्हनतोस तुक्या, आता काय मला तोफ हाय व्हय?" मग मीही आबा म्हणायला लागलो.

आबा गोड माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. माणूस गेला की लगेच त्याला देव करायची आपली सवय आहे. देव करू नका. माळावर भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना त्यांनी ज्या शिव्या दिल्या, त्या मला इथं आयाबायांसमोर उच्चारता येणार नाहीत. पळताना कुणी चालायला लागला की पाठीत काठी बसायची. त्यांच्या बरगडीखाली काश्मीरमधल्या गोळीची खूण होती. त्यांचा जोडीदार त्यांच्या हातभर अंतरावर मेला. अर्धं तोंड उडालं होतं त्याचं. आबांनी त्याच्या बेल्टवरून त्याला ओळखलं. तेव्हा शत्रू कोण आणि शत्रू काय करतो, हे आबांना कुणी माईकवरून शिकवायची गरज नव्हती. हे मी मुद्दाम सांगतोय. कारण त्या दिवशी त्यांना कुणीतरी गद्दार म्हटलं. याच गावात म्हटलं.

मंडळी, आबा आणि मी एकदा परदेशात होतो. लेबनॉन म्हणून देश आहे, समुद्राकाठचा. आपल्या देशानं तिथं शांतिसेनेत फौज पाठवली होती. डोक्यावर निळी टोपी, गाडी पांढरी. काम काय, तर दोघं भांडत असले की मध्ये उभं राहायचं. एका सकाळी दोन्हीकडून तोफा सुरू झाल्या. आम्ही बंकरमध्ये. वर माती पडतेय, कान बंद झालेत, माझी तर चड्डी ओली व्हायची बाकी होती. आणि समोरच्या ऑलिव्हच्या बागेपलीकडं एक घर होतं, त्यावर गोळा पडला. बायकांच्या किंकाळ्या आम्हाला बंकरात ऐकू आल्या. तोफेच्या आवाजातसुद्धा ऐकू आल्या.

आबांनी रेडिओवर वरच्या साहेबांना विचारलं, "जाऊ का?" साहेब म्हणाले, "जा. त्याचसाठी पाठवलंय आपल्याला."

आम्ही गेलो. स्लॅब खाली आला होता. एक म्हातारा त्याखाली. ओढून काढला तर त्याचं पोट फाटलेलं. आतलं सगळं बाहेर. आबांनी स्वतःचा शर्ट काढून त्याच्या पोटावर दाबला आणि शर्टावर स्वतःचा हात. गाडी खड्ड्यातून उडतेय, मागं गोळे पडतायत, आणि आबा त्याच्या पोटावर हात दाबून बसलेत. म्हातारा त्याच्या भाषेत काहीतरी सारखं बोलत होता. आबा त्याला आपल्या कडेगावच्या मराठीत सांगत होते, "गप पड म्हाताऱ्या, गप पड, आलंच दवाखाना." त्याला काय कळत होतं? पण तो गप पडला. दवाखाना यायच्या आधीच गप पडला.

पेपरात ज्याला परराष्ट्र धोरण म्हणतात ना, मी ते तेवढंच पाहिलंय. आपल्या गावच्या माणसाचा हात, परक्या म्हाताऱ्याच्या फाटक्या पोटावर. तो हात तिथं आपल्या देशानं पाठवला होता. दिल्लीतल्या कुठल्यातरी कागदावर सही झाली म्हणून गेला होता. आबांना त्याचा लय अभिमान होता. पदकाची पेटी उघडायचे नाहीत, पण ती निळी टोपी दरवर्षी उन्हात वाळत घालायचे.

आता त्या दिवसाचं.

सीमेपलीकडून आलेल्यांनी आपली माणसं मारली होती. तुम्हाला माहीत आहे. गावोगाव संताप होता. आबांनाही होता. सकाळी माझ्याकडं आले आणि म्हणाले, "तुक्या, आता असतो तर पयल्या गाडीत बसलो असतो." नंतर बातमी आली की दुसऱ्या एका मुसलमान देशानं शत्रूची बाजू घेतली. त्या देशाचं नाव मी आज घेत नाही. घेतलं की पुन्हा कुणीतरी त्या नावाची खोकी शोधत सुटेल.

मग आपल्या चौकात सभा झाली. पुढारी बाहेरचे होते. मोठे होते. वरती ज्यांचं सरकार आहे, त्यांच्यातलेच होते. बोलायला जबरदस्त. माझ्या अंगावरही काटा आला, खोटं का बोलू? आधी ते सैनिकांबद्दल बोलले, तेव्हा आबांनीही टाळ्या वाजवल्या. मग ते म्हणाले, हे मुसलमान देश तेवढे आतून सगळे एक आहेत. त्यांचा माल बंद. त्यांच्याशी व्यापार बंद. त्यांच्याशी बोलणं बंद. आणि शेवटी म्हणाले, त्यांचा माल गावात कुठं दिसला तर तुमच्या मनगटात जोर आहे की नाही? पोरं ओरडली, आहे! पुन्हा विचारलं, आहे का? पोरं पुन्हा ओरडली.

आबा उठले. खुर्चीच्या पाठीला धरून उठले, गुडघे गेले होते त्यांचे. हात वर केला.

"आवं साहेब, येक इचारू का?"

पुढारी म्हणाले, "विचारा सुभेदार, तुम्ही तर आमचा मान."

"सरकार तुमचं हाय. समदं बंद म्हनताय. कवापासनं बंद? तेल तिकडनं येतंय. आपली पोरं तिकडं कामाला हायत. आटपाडीकडं तर घरटी येक हाय. त्यास्नी काय सांगायचं, माघारी या म्हनून? का ह्ये नुसतं बोलायचं हाय?"

पुढारी हसले. काय हसले! म्हणाले, "सुभेदार, तुमचा मुलगा तिकडेच क्रेन चालवतो ना? मग तुम्हाला पुळका येणारच."

हशा झाला. मंडळी, तुमच्यातले बरेच जण हसले. मी नावं घेत नाही. मी आबांच्या शेजारी होतो. त्यांच्या मानेची शीर टरारून फुगली होती. पण आवाज चढवला नाही त्यांनी. म्हणाले, "व्हय, हाय. म्हनूनच इचारतोय. ज्येची पोरं तिकडं न्हाईत त्येनं कशाला इचारावं?"

कुणीतरी मागून ओरडलं, गद्दार. पुढाऱ्यांनी ते ऐकलं. थांबा म्हणाले नाहीत. गाणं लागलं, हार घातले, गाड्यांचा ताफा धूळ उडवत विट्याकडं निघून गेला.

गाड्या गेल्या, पण पोरं घरी गेली नाहीत. डोकी तापवून ठेवायची आणि आपण निघून जायचं, असला प्रकार होता तो. बाहेरून आलेली दोन जीपभर माणसं होती, ती पुढं झाली. कुणीतरी म्हणालं, बागवानाच्या दुकानात त्या देशाचा माल आहे. झालं.

सलीमभाईंचं दुकान तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या बापापासूनचं आहे. मोहरमला ताबूत उचलायला आपण सगळे जातो तेव्हा त्याच कट्ट्यावर पाणी पितो. दुकानाबाहेर खोकी रचलेली होती. परदेशी खजुराची जुनी खोकी, त्यावर त्या देशाचं नाव छापलेलं. आत काय होतं? आटपाडीची डाळिंबं. तिथल्या धनगराच्या पोरानं टँकरचं पाणी घालून जगवलेली. खोकं मजबूत म्हणून सलीमभाईंनी त्यात माल भरला होता. कुणी उघडून बघितलं नाही. नाव वाचलं आणि पहिली काठी बसली.

आम्ही पोचलो तेव्हा सलीमभाईंनी शटर आतून ओढून घेतलं होतं. आत त्यांची बायको आणि सून. बाहेर शटरवर लाथा. एकानं पेट्रोलची बाटली आणली होती. मी डोळ्यांनी बघितली. तिच्या तोंडात चिंधी कोंबत होता.

आबा शटरला पाठ लावून उभे राहिले आणि त्यांनी हुकूम सोडला. परेडवर सोडतात तसा. "थम!"

बापरे, काय आवाज होता तो! आणि सांगतो, गावातली पोरं थांबली. जागच्या जागी थांबली. माळावर आबांच्या पुढं पळालेली पोरं ती, त्यांच्या पायांना तो आवाज ठाऊक होता. एकाच्या हातातली काठी खाली पडली. आबा त्यांच्याकडं बघून म्हणाले, "लढायचंय? सरहद्दीवर चला, मी येतो संगं. हितं आत दोन बायका हायत. त्यांच्यासंगं लढनार?"

पण बाहेरच्या माणसांनी आबांच्या पुढं कधी परेड केली नव्हती. त्यांच्यातला एक पुढं आला आणि त्यानं आबांच्या छातीवर हात मारला. मी त्याच्या नाकावर डोकं हाणलं. हाड मोडल्याचा आवाज आला. त्याचा मला आजही पस्तावा नाही. मग माझ्या पाठीवर पाइप बसायला लागला आणि मी गुडघ्यावर आलो. आबांनी पेट्रोलच्या बाटलीवाल्याचं मनगट पकडलं होतं, पिळत होते, आणि तो किंचाळत होता. बाटली फुटली. पेट्रोल रस्त्यावर सांडलं. नशीब म्हणायचं, काडी ओढली गेली नाही.

आणि तेव्हा दगड आला.

कपाळाच्या बाजूला लागला, इथं. आवाज फार मोठा झाला नाही. आबांनी हात लावून बघितलं, हाताकडं बघितलं आणि ते शटरवर घसरत खाली बसले. बसलेल्या माणसाला लाथा मारल्या, मंडळी. सत्तरीला आलेल्या माणसाला. एक बूट तोंडावर, एक बरगडीवर. काश्मीरची खूण होती त्याच बरगडीवर. पायाखाली डाळिंबं चिरडत होती. नंतर लोक बघायला आले तेव्हा म्हणत होते, रस आहे, रस आहे. रस नव्हता तो.

शटर उघडलं. बाहेर तो जमाव असताना सलीमभाईंनी शटर उघडलं. उघडायची गरज नव्हती त्यांना. ते बाहेर आले आणि आबांच्या अंगावर पालथे पडले. त्यांच्या पाठीवर, हातावर काठ्या बसल्या, हात मोडला, तरी उठले नाहीत. मग मात्र गावातल्या पोरांना भान आलं. जी थांबली होती ती बाहेरच्यांवर धावली. मग जे झालं ते झालं. जीप पळाल्या.

सलीमभाईंचाच टेम्पो, मी चालवला. मागं आबा, त्यांचं डोकं सलीमभाईंच्या मांडीवर. कराडपर्यंत मला मागून सारखा एकच आवाज येत होता. "आबा, बोलत राहा. आबा, बोलत राहा."

कराडच्या दवाखान्यात आबा काही दिवस होते. डोक्यात रक्त साकळलं होतं. कधी शुद्धीत, कधी नाही. मला आत सोडायचे, कारण मी फौजी आवाजात भांडायचो.

त्या दिवसांतली एक गोष्ट सांगायची आहे. त्यासाठीच मी इतका वेळ उभा आहे.

दवाखान्यात खाली बसायची जागा आहे, तिथं टीव्ही लावलेला असतो. मी वहिनींसाठी चहा आणायला गेलो होतो. टीव्हीवर बातमी चालू होती. त्याच देशाचा मंत्री दिल्लीत आला होता. लाल गालिचा. फुलं. गळाभेट. सह्या. व्यापार वाढवायचं ठरलं म्हणे, दोन्हीकडच्या माणसांच्या सुरक्षेचं ठरलं म्हणे. आणि मागच्या रांगेत कोण उभं होतं? आपल्या चौकातले पुढारी. कोट घालून, हसत, टाळ्या वाजवत.

शर्ट बदलायला गावाकडं गेलो नव्हतो मी. आबांचं रक्त वाळून शर्ट पुठ्ठ्यासारखा झाला होता. वाटलं, तो टीव्ही भिंतीवरून उपटावा आणि फोडावा.

वर गेलो. आबा जागे होते. तोंड सुजलेलं, एक डोळा बंद. माझा चेहरा बघून म्हणाले, "काय झालं रं?"

मी सांगितलं. सांगायला नको होतं का? मला अजून कळत नाही. सगळं सांगितलं. गालिचा, गळाभेट, सह्या, आणि मागची टाळी.

मला वाटलं, चिडतील. ते म्हणाले, "बरं झालं."

मी म्हटलं, "बरं काय झालं, आबा?"

"बोलणी झाली म्हंजी आपल्या इजूला तिकडं धोका न्हाई. समद्यांच्या पोरांस्नी धोका न्हाई. ह्येच करायला पायजे हुतं. शानं काम केलं सरकारनं." दम लागला त्यांना. मी म्हटलं, बोलू नका. त्यांनी माझं बोट धरलं. एका डोळ्यानं माझ्याकडं बघत राहिले.

"पर मग तुक्या," ते म्हणाले, "मला दगड कशापायी लागला?"

तुमच्यात कुणाकडं याचं उत्तर आहे का? मी खरंच विचारतोय. असेल तर उभं राहून सांगा. वहिनींना सांगा.

देशानं देशाशी भांडावं की नाही, तेल कुणाकडून घ्यावं, कुणाला मिठी मारावी, हे मला हवालदाराला कळत नाही. ते शहाण्यांनी ठरवावं. आबांनाही त्याची तक्रार नव्हती. हुकूम झाला असता तर ते त्या देशावर बंदूक घेऊन गेले असते, आणि हुकूम झाला म्हणून ते परक्या म्हाताऱ्याचं पोट दाबून बसले. दोन्ही कामं त्यांना देशाची वाटली असती. पण वर मिठी मारायचं ठरलेलं असताना खाली आमच्या पोरांच्या हातात दगड कशाला देता? तिकडं सह्यांची तयारी चालू होती, हे त्या माणसाला चौकात बोलताना माहीत नव्हतं? मला नाही पटत. माहीत होतं. बोलायचं वेगळं आणि करायचं वेगळं, हे त्यांना माहीत होतं. पोरांना माहीत नव्हतं. पोरांना ते सगळं खरं वाटलं.

आबा दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. त्यांचा मुलगा विजय तिकडून निघून वाटेत होता. त्याच्या मालकानं, अरब माणसानं, बातमी कळताच स्वतः गाडीतून त्याला विमानतळावर सोडलं. तरी बापाचं तोंड बघायला मिळालं ते असं, सुजलेलं.

पुढं काय झालं तेही सांगतो, कारण गावात दहा तऱ्हेचं बोललं जातंय. दगड मारणारा पकडला गेला. बाटलीवाला पकडला गेला. त्यांना ओळखून दाखवलं ते आपल्याच गावच्या दोन पोरांनी. हाटेलात बसून त्या जीपवाल्यांच्या माणसांच्या धमक्या ऐकल्या त्यांनी, तरी चौकीत जाऊन उभी राहिली आणि आम्हीही त्या जमावात होतो हे आधी सांगितलं. त्यांच्यावरही केस होईल. भरती कदाचित गेली त्यांची. ती दोघं आज मागं उभी आहेत. आबांनी त्यांना आधी चार शिव्या दिल्या असत्या आणि मग पाठीवर थाप मारली असती. मला शिव्या देणं जमणार नाही. थाप मी मारीन.

पुढाऱ्यांकडून फुलांचं मोठं चक्र आलं. शूरवीर म्हणून पट्टी होती त्यावर. निरोपही आला की साहेब स्वतः येऊन दोन शब्द बोलतील. वहिनींनी निरोप आणणाऱ्याला दारातच सांगितलं, "त्यास्नी म्हनावं, ज्या आवाजात चौकात बोलला त्याच आवाजात दिल्लीत बोलून या. न्हाईतर दिल्लीत बोलला तसं चौकात बोला. दोन्हीतलं येक करा, मग या." तो माणूस पायरीवरूनच परत गेला. चक्र ओढ्याकाठी पडलंय, शेळ्यांनी फुलं खाल्ली.

संपवतो. आता आपण उभे राहणार आहोत. पोरांनी घोषणांची तयारी केलीय, मला माहीत आहे. अमर रहे म्हणायचंय तुम्हाला. भावना कळते, माझ्या लेकरांनो, पण नको.

वहिनींच्या मांडीवर विजयची लेक बसलीय. त्या दिवशी ती समोरच्या माडीवर मावशीकडं होती. तिनं खिडकीतून सगळं बघितलं. तेव्हापासून कुणी मोठ्यानं बोललं की ती कानांवर हात ठेवते आणि खाटेखाली जाऊन बसते. मी इथं बोलतोय तेव्हाही तिचे हात कानांवर आहेत, बघा.

तेव्हा घोषणा नाही, भोंगा नाही, काही नाही. सगळ्यांनी उठायचं, सावकाश, खुर्च्या न वाजवता. आबांना आपापल्या मनात काय सांगायचं ते सांगा. ती पोर स्वतः हात खाली घेईपर्यंत आपण सगळे गप्प उभे राहू.

मी हा माईक बंद करतो.